डॉक्टरसाहेबांच्या मोटारीचे सरकते छत

मराठवाड्याच्या मे महिन्यात मोटारीचे छत उघडून हिंडण्याची हौस कोणाला असणार, असा प्रश्न कोणीही विचारील. थंड देशांत ऊन दुर्मीळ, म्हणून तेथील कारखानदारांनी छतात सरकती झडप बसवली. तिलाच आज सर्वजण सनरूफ म्हणतात. आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेल्या ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या डोक्यावर अखंड पत्रा असे, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नसे. तेव्हा पूर्णा आणि नांदेड यांच्यामधल्या चुडाव्यासारख्या गावी एका झडपेपायी आम्ही तिघांनी तीन रविवार का घालवले, हे सांगणे भाग आहे.

आम्ही तिघे या शाळेच्या वसतिगृहात एकाच खोलीत वाढलो. आमच्यातला एक आज रेल्वेत फिटर आहे, दुसरा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा निदेशक आहे, तिसरा शिक्षक आहे. मोटार डॉक्टरसाहेबांची. वसतिगृहात ज्यांनी ताप काढला आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना एवढी खूण पुरेशी आहे. रात्री-अपरात्री एखादा मुलगा फणफणला की हीच मोटार फाटकाशी येऊन उभी राही आणि नांदेडच्या दवाखान्याची वाट धरी. मागच्या आसनावर अंगावर चादर घेऊन पडलेल्या मुलाला छताच्या त्या चौकोनातून चांदणे दिसे. आमच्यापैकी दोघांनी ते पाहिले आहे.

मोटार मर्सिडीजची, डब्ल्यू १२४ या मालिकेतील. १९९५ पासून ही मालिका पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. त्या कंपनीची भारतात जुळवलेली ही पहिलीच मोटार. डॉक्टरसाहेबांनी ती वापरलेली घेतली होती. अशा मोटारीचे वय मोठे अवघड असते. पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि मोटारीसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘विंटेज’ म्हणून जो मान दिला, तो पन्नास वर्षांपुढच्या वाहनांना. म्हणजे रस्त्यासाठी ती म्हातारी आणि मानासाठी ती लहान.

गेल्या उन्हाळ्यात या मोटारीची झडप मागच्या कडेने तीन बोटे वर उचललेल्या अवस्थेत अडकली. ती बंद होईना, उघडेही ना. मृग तोंडावर आलेला. डॉक्टरसाहेबांपुढे तीन सल्ले आले. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. एका डेंटरने झडप काढून तेथे पत्रा वेल्ड करून रंग मारून देतो, असे सांगितले. शेजाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, वरून लाकडी हातोड्याचे दोन ठोके द्या, बसेल खाली. डॉक्टरसाहेबांची दृष्टी आता अधू झाली आहे, मोटार ते स्वतः चालवत नाहीत. त्यांनी आम्हांला बोलावून घेतले आणि म्हणाले, “पोरांनो, ती झडप मी पुन्हा कधी उघडीन असे नाही. पण ती उघडू शकते, एवढे मला माहीत असू द्या. ते होत नसेल तर भंगारवाल्याला मी नाही म्हणणार नाही.”

पहिला रविवार केवळ पाहण्यात गेला. फ्यूज शाबूत होता. या मोटारीत झडपेची विजेवर चालणारी मोटर छतात नसून मागे डिकीत, अस्तराच्या आड असते, आणि तेथून पोलादी केबली नळ्यांमधून छतापर्यंत जातात. बटण दाबून डिकीशी कान लावला, तर मोटर फिरत होती, पण तिचा क्लच घसरत होता. ही घसरण म्हणजे बिघाड नव्हे. वाटेत अडथळा आला, कोणाचे बोट सापडले, तर जोर पुढे न जाता तेथेच निसटावा, अशी ती योजना आहे. क्लच आवळून जोर वाढवण्याचा सोपा मार्ग आमच्या फिटर मित्राने साफ नाकारला. केबल तुटली असती तर कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात शोध घेण्यावाचून गती नव्हती, आणि ती तेथे मिळेलच याची हमी कोण देणार?

आतील कापडी तक्ता सोडवून मागे सरकवल्यावर दुखणे उघडे पडले. झडपेच्या दोन्ही बाजूंना रूळ असतात. प्रत्येक रुळात एक सरकपट्टी असते, आणि प्रत्येक सरकपट्टीला तिची स्वतंत्र केबल. उजव्या रुळातील जुने ग्रीस आणि आपल्याकडील काळ्या मातीची धूळ यांचे डांबर झाले होते. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की दगडासारखी आवळते. शेतकऱ्यांच्या घरांतील मुलांना हे सांगावे लागत नाही. उजवी बाजू त्यात रुतली, डावी पुढे गेली, आणि झडप तिरपी होऊन पाचरीसारखी बसली. कपाटाचा रुंद खण एकाच कोपऱ्याने ओढला की अडकतो, तसेच. मग जितके ओढावे तितका तो घट्ट होतो. हातोड्याच्या ठोक्याने दुसरे काय झाले असते?

दुसरे दुखणे पाण्याचे होते. सनरूफ जलाभेद्य असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. कडेची पट्टी पुष्कळसे पाणी अडवते, उरलेले झडपेभोवतीच्या पन्हाळीत उतरते आणि चार कोपऱ्यांतील चार नळ्यांनी बाहेर जाते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांतून, मागच्या दोन पाठीमागच्या खांबांतून खाली उतरतात. पूर्वी केव्हातरी एका गॅरेजमध्ये गळती थांबवण्यासाठी या पन्हाळीत सिलिकॉन भरले गेले होते, आणि त्यानेच दोन नळ्यांची तोंडे बुजली होती. पाणी थांबावे म्हणून भरलेल्या लगद्याने पाणी तेथेच कोंडून ठेवले, आणि पत्र्याला गंज चढला.

दुसऱ्या रविवारी साफसफाई झाली. बांबूच्या कामट्या, जुने दात घासायचे ब्रश, सुती चिंध्या आणि अगदी थोडे रॉकेल. तेही रबराला लागू न देता. लोखंडी पेचकसाने खरवडण्याची मनाई होती, कारण रूळ ॲल्युमिनियमचे. नळ्यांत हवेचा दाब सोडला नाही. जोराच्या हवेने नळी खांबाच्या आत सांध्यातून निसटते आणि मग पाणी थेट गालिच्यावर येते. गवत कापण्याच्या यंत्रातील नायलॉनची दोरी, टोक मेणबत्तीवर गोल करून, हलक्या हाताने आत सारली. मग वाटीने थोडे थोडे पाणी ओतले. तीन नळ्यांतून आधी काळे, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आले. चौथीतून थेंब नाही. खाली आडवे होऊन पाहिले, तर तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले! ते रिकामे होते, म्हणून आम्ही निःशंक मनाने काढले.

तिसरा रविवार बरोबरी साधण्याचा. मोटर सोडवून दोन्ही केबली मोकळ्या केल्या, डावी सरकपट्टी मागे आणून उजवीच्या रेषेत ठेवली, दोन्हींचे अंतर पट्टीने मोजले, आणि मगच दातेरी चाक पुन्हा जोडले. गंज घासून त्यावर प्रायमर लावला. ग्रीस नवे, पण बेताचे. जास्त ग्रीस म्हणजे पुढच्या धुळीला आमंत्रण. विजेचे बटण दाबण्याआधी हाताच्या चावीने झडप एकदा पूर्ण उघडली, एकदा पूर्ण मिटली. खर्च ग्रीस, प्रायमर आणि चहाचा.

डॉक्टरसाहेबांनी बोटाने चारही कडा चाचपून पाहिल्या. छतापासून झडप कोठे वर नाही, कोठे खाली नाही, याची खात्री केली. “बरोबर बसली,” एवढेच ते म्हणाले. भंगारवाल्याचा फोन त्या आठवड्यात पुन्हा आला, तो त्यांनी स्वतः घेतला आणि नम्रपणे नकार दिला. नूतनीकरणाचे शुल्क आता आम्ही माजी विद्यार्थी मिळून भरणार आहोत.

ज्यांच्या दारी अशी मोटार आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीनंतर, पन्हाळ पुसा, चारही नळ्यांत वाटीभर पाणी ओतून ते खाली उतरते का पाहा, आणि झडप अडली तर बटण दाबत राहू नका, आधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते तपासा.

शाळेच्या चालकांना मात्र एक विनंती आहे. या कामात मोजपट्टी धरायला वसतिगृहाची चार मुले येऊन बसत. तिसऱ्या रविवारी त्यांतल्या एकाने आमच्याआधी ओळखले की डावी बाजू दोन दाते पुढे आहे. त्या मुलांसाठी एक खोली, एक भक्कम टेबल आणि हत्यारांची एक पेटी द्यावी. पेटी आम्ही देऊ. महिन्यातला एक रविवारही देऊ. वसतिगृहाचा पाण्याचा पंप गेल्या महिन्यापासून कुरकुरतो आहे, सुरुवात त्यापासून करता येईल.