दिवंगतांचे चेहरे

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हां दोघांना दरवर्षी हमखास भेटणारे एक वाक्य आहे : 'लेखकाने समाजाचा मुखवटा टराटरा फाडला आहे.' त्याला आम्ही गुण देत आलो, कारण वर्गात ते आम्हीच शिकवलेले असते. मुखवटा म्हणजे ढोंग आणि चेहरा म्हणजे सत्य हे समीकरण आमच्या इतके अंगवळणी पडले होते की, त्याला धक्का एखाद्या ग्रंथाने नव्हे तर मुलाच्या व्हिडिओ गेमने द्यावा, ह्याची थोडी लाजही वाटली.

खेळ तसा जुना : निन्टेन्डोने २००० साली काढलेला 'द लेजंड ऑफ झेल्डा : मजोराज मास्क'. टर्मिना ह्या प्रदेशावर तीन दिवसांत चंद्र कोसळणार आहे आणि लिंक नावाचा मुलगा काळ मागे फिरवून तेच तीन दिवस पुनःपुन्हा जगतो आहे. अरिष्ट ओढवणारा स्कल किड शापित मुखवटा घालतो. तो आमच्या समीकरणात बसतो. लिंकला मिळू शकणाऱ्या २४ मुखवट्यांपैकी बरेचसे गमतीचे आहेत. ते असोत.

आम्हाला अडवले ते मिकाऊने. हा झोरा जमातीचा, गिटार वाजवणारा. लिंकला तो समुद्रात मरणासन्न सापडतो, किनाऱ्यावर येऊन आपली कहाणी गाऊन सांगतो. मग लिंक सांत्वनाची धून वाजवतो आणि मिकाऊच्या वेदनेचा मुखवटा होऊन वाळूत पडतो. लिंक त्याला तिथेच पुरतो, आणि मुखवटा चढवताना किंचाळतो. ती किंकाळी आम्हाला फार मोलाची वाटते : दुसऱ्याचे दुःख अंगावर घेणे सुखाचे नसते, हे खेळ लपवत नाही.

पुढे मात्र नैतिक पेच आहे. मिकाऊचे सोबती लिंकलाच मिकाऊ समजून बोलतात. वाचा गेलेल्या ल्युलू ह्या गायिकेपुढे तो मिकाऊच्याच रूपात धून वाजवतो आणि तिचा आवाज परत येतो. ही फसवणूक नव्हे काय? आहेच. पण त्या मुखवट्याखालचे 'सत्य' ओरबाडून काढले, तर हाती एक अनोळखी पोर आणि वाळूतली कबर एवढेच लागेल. त्यावर काळ मागे फिरला की ल्युलू पुन्हा मुकी होते. मुखवटा तेवढा लिंकजवळ उरतो.

हे सारे आम्ही इतके मनावर का घेतले, त्याला कारण आहे. त्याच वर्षी आमचे एक ज्येष्ठ सहकारी ऐन सत्रात गेले. संतसाहित्याचे त्यांचे तास आम्ही दोघांनी वाटून घेतले आणि त्यांच्या पत्नीने त्यांची टिपणांची वही आणून दिली. आम्ही ती आधी वापरणारच नव्हतो. दुसऱ्याच्या टिपणांवर शिकवणे हे आमच्या लेखी ढोंगच होते, शिवाय त्यांची काही मते आम्हाला मुळीच मान्य नव्हती.

अखेर वही उघडली. एका ओवीच्या विवेचनापाशी समासात पेन्सिलीने लिहिले होते : 'येथे थांबणे.' आम्ही थांबलो. किती वेळ थांबायचे, ते काही लिहिलेले नव्हते. शेवटच्या बाकावरच्या मुलीने वहीतून मान वर केली आणि सवयीने लेखणी खाली ठेवली.