रायवळाची ओळख

झाडाची ओळख पटवणे म्हणजे त्याला आधीपासून असलेले नाव शोधून काढणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कलमी आंब्यापुरती ती रास्तही आहे. हापूस, केशर, लंगडा यांचे प्रत्येक झाड मूळ झाडाच्याच फांदीचा विस्तार असते. म्हणून एकाचे वर्णन दुसऱ्यास लागू पडते आणि जातींची नामावली करता येते. रायवळाचे तसे नाही. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो परागीभवनातून जन्मतो. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, ते यामुळेच. कोयीतून वाढलेला प्रत्येक आंबा आपल्या प्रकारचा पहिला आणि बहुधा शेवटचा असतो.

गिरणाकाठी आमच्या आजोळच्या मळ्यात असे अकरा आंबे उभे आहेत. सातबाऱ्यावर त्यांची संख्या आहे, नावे नाहीत. वाटणीच्या बोलण्यात त्यांपैकी तीन झाडे लाकडासाठी विकावीत असा विचार निघाला, तेव्हा आम्ही झाडांची वही घातली. मोहोराच्या दांड्याची लाली, कोवळ्या पालवीची तांबूस वा जांभळट छटा, पान चुरगाळल्यावर येणारा वास, फळाची चोच आणि खांदा, सालीवरचे ठिपके, कोयीला धरून राहणारे धागे, असे सारे दोन हंगाम टिपले. झाडे एकमेकांपासून निराळी काढता आली. परंतु नाव एकाचेही हाती लागले नाही. छापील याद्यांत ती नव्हतीच.

नावे होती मामींजवळ. ऐंशी ओलांडलेल्या मामींना आता नीट दिसत नाही. आखाजी झाली, आंबे उतरू लागले, तसे आम्ही एकेक पिकलेले फळ त्यांच्या हाती ठेवत गेलो. पहिले फळ हुंगून त्या म्हणाल्या, "हाऊ शेप्या शे." बडीशेपेच्या वासाचा तो शेप्या, मग खोबऱ्या, शेंद्र्या, गोटी. अशी सात नावे मिळाली. आठव्याला त्या 'आत्याचा आंबा' म्हणाल्या. मामांची एक आत्या वैधव्यानंतर माहेरी येऊन राहिली होती. कोय तिने लावलेली. घरात तिचे छायाचित्र नाही, कोणाच्या बोलण्यातही ती कधी आली नव्हती. तिच्या असण्याची एवढीच नोंद उरली आहे. उरलेल्या तीन फळांवर मामी गप्प राहिल्या. ती झाडे फळावर आली तोवर त्यांचे मळ्यात जाणे सुटले होते. विकण्यासाठी बोट दाखवले गेले होते ते नेमके याच तिघांकडे.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी वाटू नये. धुळ्यास १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. तेथल्यासारख्या पोथ्यांच्या संग्रहात काम करणारा नकलांतील सामाईक चुका जुळवीत त्यांचा वंश लावतो. एकीवरून दुसरी उतरलेली पोथी ही एका परीने कलमच. मौखिक रचनेला मात्र असा वंशवृक्ष नसतो. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांच्या घरात त्यांची गाणी उतरवून घेतली गेली होती, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२ साली ती ग्रंथरूपाने निघाली. तसे झाले नसते तर पुढे कोणत्याही पाठचिकित्सेला ती शोधून काढता आली नसती, कारण जुळवून पाहायला दुसरी प्रतच नव्हती. कोणत्याही घरातील जात्यावरच्या ओव्यांची हीच गोष्ट आहे, आणि रायवळाचीही.

म्हणून वहीतील मोजमापांना आम्ही कमी लेखत नाही. मात्र ती ओळखीचा अर्धाच भाग आहेत. उरलेला अर्धा ते फळ खाणाऱ्यांच्या तोंडी असतो आणि त्यांच्याबरोबर जातो. नाव असलेले झाड विकताना चारचौघांत ते नाव उच्चारावे लागते, आणि तेथे माणूस अडखळतो. बिननावाच्या झाडाला ते संरक्षण नाही.

गेल्या पावसाळ्यात अकराही झाडांच्या काड्या घेऊन आम्ही मृदकाष्ठ कलमे बांधवून घेतली. आठ रोपांवर नावाच्या चिठ्ठ्या आहेत, तिघांवर आकडे. विक्रीचा निर्णय अजून व्हायचा आहे. या आखाजीनंतर त्या तीन झाडांची फळे आम्ही वहीसाठी राखणार नाही. मळ्यात येणाऱ्या पोरांना आधी देणार आहोत, आणि ती काय म्हणतात ते ऐकणार आहोत.