गच्चीवरची खाट

आमच्या आजीच्या काळी मुलीला न्हाण आले म्हणजे घरात मखर सजे. शेजारपाजारच्या बायका येत, ओटी भरीत, गोडधोड होई. आणि ज्या गोष्टीचा एरवी उच्चारही व्हावयाचा नाही, तिची वार्ता साऱ्या आळीत साखरेसारखी वाटली जाई. पुढे ती प्रथा गेली, व गेली हे बरेच झाले. परंतु येण्याचा एवढा सोहळा करणाऱ्या आपल्या समाजाने जाण्याचा मात्र कोणताच विधी ठेविला नाही, ह्याचे मला नवल वाटते. ही मर्यादा आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असे नाही. सुश्रुताने स्त्रीच्या ऋतूचा काल बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा म्हणून सांगून ठेविला आहे. आज आपल्या देशात पाळी सरासरीने ४६-४७ व्या वर्षी थांबते. तीस-पस्तीस वर्षे घरात राहिलेला पाहुणा निघून जातो, आणि त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवावयासही कोणी उठत नाही.

पाळी 'जाते' असे म्हणावयास निदान एक क्रियापद तरी आहे. पण तिच्या मागेपुढे आणखी एक गोष्ट पुष्कळ स्त्रियांच्या आयुष्यातून निघून जाते, आणि तिला बोलण्याजोगे नावच नाही. 'कामेच्छा' हा शब्द पोथीतला. 'वासना' म्हटले की ते आरोपपत्र झाले. 'हौस' म्हणावी, तर ती लुगड्यादागिन्यांची. पतीविषयी वाटणारी ओढ पन्नाशीच्या सुमारास मावळली, तर त्या स्त्रीने ते कोणास व कोणत्या शब्दांत सांगावे? माझे सारे आयुष्य इंग्रजी प्रेमकाव्याची रसग्रहणे विद्यार्थ्यांस उतरवून देण्यात गेले. परंतु स्वतःसंबंधीचे हे एक वाक्य मला इंग्रजीतही करता येईना आणि मराठीतही करता येईना.

तीन वर्षांपूर्वीचा वैशाख मला आठवतो. यवतमाळचा वैशाख म्हणजे काय, हे येथे राहिल्यावाचून कळावयाचे नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो, भिंती रात्री दोन वाजेपर्यंत धग ओकीत असतात. माझी पाळी थांबून नुकतेच वर्ष झाले होते. छातीपासून कानशिलांपर्यंत एकाएकी ज्वाळा उठे, अंग घामाने निथळे, आणि आतले ऊन कोणते व बाहेरचे कोणते, हा निवाडा करणे कठीण होई. अशाच एका रात्री ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेविला. मी तो बाजूस सारला आणि म्हटले, "अहो, नका. फार उकडते आहे."

ते खोटे नव्हते; पण खरेही नव्हते. मला नुसती इच्छा नव्हती एवढेच नव्हे, तर गेल्या कित्येक महिन्यांत जवळिकीचा प्रत्येक प्रसंग वेदनेत संपला होता, आणि त्या वेदनेची मला धास्ती वाटू लागली होती. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खाट गच्चीवर नेली. उन्हाळ्यात आमच्या गावी निम्मी वस्ती गच्चीवरच निजते, तेव्हा त्यात वावगे असे कोणालाही दिसले नाही. पुढे मृग लागला, पहिल्या सरी आल्या, आळीतल्या साऱ्या खाटा खाली उतरल्या. ह्यांचीही उतरली, परंतु ती बाहेरच्या खोलीतच राहिली. ह्यांनी कारण सांगितले नाही व मी विचारले नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो पुष्कळ होतो. असे मुके मात्र कधी झालो नव्हतो.

मी एका डॉक्टरांकडे गेले. ज्वाळांविषयी व झोपेविषयी सांगितले, आणि शेवटी, उठता उठता, पर्समधील काही शोधीत असल्याचे निमित्त करून दुसरी गोष्टही अर्धवट सांगितली. ते हसून म्हणाले, "आता ह्या वयात तुम्हाला त्याचे काय करावयाचे आहे? मुले मोठी झाली. वाचन करा, देवधर्म करा." त्यांच्या बोलण्याचा मला राग आला, पण त्याहून आश्चर्य हे, की माझ्या मनातील एका कोपऱ्याने त्यांस मान डोलावली. वानप्रस्थाची कल्पना आपल्या रक्तात इतकी भिनलेली आहे, की हानी झाली असता आपण तिला वैराग्य म्हणून मिरवावयास तयार असतो.

त्याच सुमारास एके सकाळी आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंशी बोलणे निघाले. त्या घाटंजीकडच्या, वय चाळिशीच्या आतबाहेर. कापूस वेचून, धुणीभांडी करून चार माणसांचे पोट चालविणाऱ्या. त्यांची 'पिशवी' चौतिसाव्या वर्षीच काढली होती. मी म्हटले, "तुम्हालाही असे अंग भाजल्यासारखे होते का?"

"तवापासून होते ना बाई. पन कोनाले सांगाव?"

"आणि घरधन्याविषयी मन?"

त्या पदर तोंडाशी नेऊन हसल्या. "ते तं मेलंच. बरं झालं म्हनते मी. दिवसभर राबून मले निजाव वाटते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन पिशवी काढली तवा मले कोनं इचारलं होतं, बाई? डॉक्टर बोलला, यायनं हो म्हनलं."

हे वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या कानांत राहिले. एकच गोष्ट दोघींच्या आयुष्यातून गेली होती. एकीस ते सुटकेसारखे वाटत होते व दुसरीस चोरी झाल्यासारखे. मात्र दोघींसही कोणी काही विचारले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी नागपुरास एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. मी तपासणीचे कागद पुढे केले. त्यांनी ते बाजूस ठेविले आणि विचारले, "इच्छा राहिली नाही, ह्याचे तुम्हाला स्वतःला वाईट वाटते का? ह्यांना वाटते ते नंतर पाहू."

मला रडू आले. रडे ओसरल्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, ते येथे थोडक्यात देते. कारण माझ्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या स्त्रीस ते ठाऊक नव्हते, तर पुष्कळांस नसेल.

इच्छा कमी होणे हा स्वतः रोग नव्हे. त्या स्त्रीस स्वतःला त्याची खंत वाटत असेल, तरच वैद्यकशास्त्र त्यास विकार म्हणते. रक्तातील अमुक अंशाखाली गेले म्हणजे इच्छा गेली, असा कोणताही आकडा नाही. म्हणून रक्ताच्या तपासणीवरून हे निदान होतच नाही. रोग आहे की नाही, हे जेथे केवळ रोग्यास विचारूनच ठरावयाचे, अशी ही जागा आहे. औषधाआधी अन्य कारणे शोधावी लागतात. थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, मनाची उदासी, त्या उदासीवरचीच काही औषधे, निद्रानाश, आणि पतिपत्नींतील जुने न मिटलेले वाद, ह्यांपैकी कशानेही ओढ आटते.

मग शरीराचा भाग. पाळी थांबताना इस्ट्रोजेन हा अंतःस्राव झपाट्याने घटतो; त्यामुळे योनिमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होते, आणि संबंध दुःखद होतो. ज्या दारी प्रत्येक वेळी चटका बसतो, त्या दाराकडे मन वळेनासे होते ह्यात आश्चर्य नाही. ह्यावर अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलमाच्या रूपाने त्याच जागी लाविले असता बहुतेकींस आराम पडतो, आणि रक्तात ते फारसे उतरत नाही. सबंध शरीरास द्यावयाच्या हार्मोनविषयी लोकांच्या मनात जी भीती आहे, ती २००२ साली अमेरिकेतील एक मोठा प्रयोग मध्येच थांबविला गेला तेव्हापासूनची. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग व हृदयविकार ह्यांचे प्रमाण वाढलेले आढळले होते. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील, किंवा पाळी थांबून दहा वर्षे न झालेल्या, व अन्य धोका नसलेल्या स्त्रीस तीव्र त्रास होत असेल, तर लाभाचे पारडे जड भरते, असे आज तज्ज्ञ मानतात. ज्यांस स्तनाचा कर्करोग झालेला आहे, किंवा रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यांची गोष्ट निराळी.

आणि टेस्टोस्टेरॉन. हे नाव ऐकून मी दचकले. तो पुरुषी अंतःस्राव अशीच माझी समजूत. परंतु स्त्रीच्या देहातही तो अंडाशयांत व मूत्रपिंडांवरील ग्रंथींत तयार होतो, आणि वयाच्या विशीपासून हळूहळू उतरत जातो. अंडाशये काढली तर तो एकाएकी सुमारे निम्म्यावर येतो. २०१९ साली जगातील अनेक वैद्यकसंस्थांनी मिळून एक निवेदन काढिले. पाळी गेलेल्या स्त्रीस इच्छा नष्ट झाल्याची खंत असेल, तर तेवढ्यापुरताच ह्या औषधाचा उपयोग सिद्ध झाला आहे, असे त्यात म्हटले आहे. तारुण्य, उत्साह, स्मरणशक्ती ह्यांकरिता तो सिद्ध नाही. ऑस्ट्रेलियात २०२० साली स्त्रियांसाठी म्हणून एक मलम मंजूर झाले. बहुतेक देशांत तसे काही नाही. म्हणून पुरुषांच्या लेपाचा सुमारे दहावा भाग, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व रक्त तपासून, त्वचेवर लावितात. मात्रा अधिक झाली तर मुरुमे, चेहऱ्यावर केस, क्वचित आवाजही घोगरा. सहा महिन्यांत गुण न आला तर बंद करावयाचे. दीर्घकाळच्या सुरक्षिततेचा पुरावा अद्याप अपुरा आहे.

"आणि गुण येतो तो किती?" मी विचारले.

"प्रयोगांतली सरासरी सांगते. महिन्याकाठी समाधानाचा एक प्रसंग अधिक."

एक! एवढ्या रसायनशास्त्राच्या अखेरीस एक! मला हसू आले, आणि पुष्कळ महिन्यांनी ते मनापासूनचे होते.

यवतमाळास परतताना बसमध्ये मला प्रा. र. धों. कर्वे आठवले. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे हे चिरंजीव. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. संततिनियमनाचा प्रचार सोडावयाचा की नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडिली, आणि १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक जवळजवळ एकट्याने चालविले. लोक पत्रे लिहून त्यांस लाजिरवाणे प्रश्न विचारीत, आणि ते सरळ मराठीत उत्तरे छापीत. त्या उत्तरांबद्दलच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, मासिक चालूच राहिले. कर्व्यांची पुष्कळ मते मला आजही पटत नाहीत. परंतु अनोळखी वाचकांस जे विचारता यावे म्हणून एक गणिताचा प्राध्यापक न्यायालयात उभा राहिला, ते त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी दुसऱ्या एका प्राध्यापिकेस आपल्या पतीस सांगता येऊ नये, ह्याची मला फार लाज वाटली.

त्या रात्री मी बाहेरच्या खोलीत जाऊन ह्यांच्या खाटेवर बसले आणि सांगितले. शब्द अडखळत आले, निम्मे इंग्रजी, निम्मे डॉक्टरी. हे बराच वेळ ऐकत राहिले.

"मला वाटले, तू माझ्यावर रागावली आहेस. आईच्या आजारपणात मी तुझ्याशी वागलो, त्याचा राग असेल."

"मग विचारले का नाही?"

"तू 'हो' म्हणशील ह्याची भीती वाटली." थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरी भीती होती, मी म्हातारा दिसतो की काय."

आमच्या दोघांच्या मौनाचे असे तीन निरनिराळे अर्थ झाले होते, आणि त्यांतील एकही खरा नव्हता. सासूबाईंच्या आजारपणाची ती गोष्ट मात्र निघालीच. ती काही औषधाने बरी होणारी नव्हती. तिला दोन रात्री लागल्या. मग मी त्यांस ती महिन्याला एकाची सरासरी सांगितली. वकिलीत केस पिकलेले हे गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा. दिवाणी दाव्यात एवढ्या तारखा मिळाल्या तर पक्षकार पेढे वाटतात."

मी आधी मलम वापरिले. दोन-तीन महिन्यांत वेदना गेली. त्यानंतर सहा महिने तो लेपही लाविला. ओढ परत आली का? आली, पंचविशीतली नव्हे, निराळी, सावकाश येणारी. तीत लेपाचा वाटा किती, वेदना गेल्याचा किती, आणि त्या दोन रात्रींचा किती, ह्याची फोड मला करता येत नाही. सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने मी लेप थांबविला. मलम चालू आहे. माझी एक सहकारी तोच लेप आजही घेते व तिला तो हवासा वाटतो. दुसरीस काहीच नको आहे, व तिचे उत्तम चालले आहे. तिघींपैकी कोणाचेही चुकत नाही.

आमच्या कामाच्या बाईंना मी येथील शासकीय रुग्णालयात घेऊन गेले. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर इतक्या लहान वयात हाडांस व हृदयास धोका पोचतो, आणि पाळी स्वभावतः जावयाच्या वयापर्यंत हार्मोन देणेच सहसा इष्ट असते, हे मला नागपुरास कळले होते. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या जुन्या कागदावर अंडाशयांचा उल्लेखच नव्हता. तेथील तरुण डॉक्टरणीने सोनोग्राफी लिहून दिली, आणि मग मान वर करून विचारले, "तुम्हाला काय हवे आहे, मावशी?" बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मले रातची झोप पाह्यजे. बाकीचं मंग पाहू."

यंदा वैशाखात आमच्या दोन्ही खाटा गच्चीवर होत्या. मृगाचा पहिला पाऊस रात्री अकराला अचानक आला, तेव्हा गाद्या गुंडाळून पळताना आम्हा दोघांची त्रेधा उडाली. खाटा सकाळी उतरविल्या, आणि दोन्ही आतल्या खोलीत ठेविल्या.