गिला वडा

परमुलखाचा माणूस वऱ्हाडात आला, की त्याला आधी चकवतात ते आमचे शब्द. भाजीवालीने 'सांबार घ्या' म्हटले, म्हणजे तो तिच्या टोपलीत डाळ शोधू लागतो! आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, आणि तिचे सारण भरून तळलेल्या वडीला सांबारवडी. अमरावतीच्या गिल्या वड्याचीही तीच गत. गिला म्हणजे ओला. उडदाचा वडा तळून पाण्यात भिजवायचा, दाबून द्रोणात ठेवायचा, वर दही आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. शब्द हिंदी, पण त्यात नवल कसले? 1956 पर्यंत आम्ही मध्यप्रदेशातच होतो, आणि कापसाच्या बाजाराने त्याच्याही आधी मारवाडची माणसे अकोल्या-अमरावतीत आणून वसवली होती. अकोल्याहून मुंबईकडे निघालेला प्रवासी शेगावला ज्या कचोरीची वाट पाहतो, तीही फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी तिथल्या स्टेशनावर विकायला आणली. आज ती आमचीच.

फिलिपाइन्समध्ये रात्रीच्या वेळी रस्त्यावर 'बलुत' विकतात. नाव ऐकून आपल्याला बलुतेदार आठवतील. पण ते असते बदकाचे उकडलेले अंडे, आत अर्धवट वाढलेल्या पिलासकट. तिथली माणसे आधी आतला रस पितात, मग मीठ लावून बाकीचे खातात. आपण नाक मुरडतो. पण असे पाहा, प्रत्येकाच्या घासाआड कुठला ना कुठला उंबरठा येतोच. माझ्या आईला घरचाच आड आला होता.

तिचा सारा जन्म अमरावतीत गेला, पण बाईमाणसाने रस्त्यात उभे राहून खायचे नाही, या शिस्तीत ती वाढली. गिला वडा वडील बांधून घरी आणीत. सगळ्यांना वाढून झाले, की मागाहून तिचा वाटा. वडील गेले, आणि त्यानंतर वर्षभराने, अंबादेवीचे दर्शन घेऊन परतताना ती एका गाडीपाशी थबकली. म्हणाली, "एक द्रोण घेतं का रे, बाबू?"

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले आणि पहिला घास घेतला. मग कितीतरी वेळ ती बोललीच नाही.

"तुहे बाबा घरी आनत, तोवर वडा सारं दही पिऊन बसे," ती शेवटी म्हणाली. "मले इतके वर्सं वाटलं, हा असाच राह्यते."

आणि तिने गाडीवाल्यापुढे द्रोण धरून आणखी चटणी मागितली.

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी फराळाची ताटे फिरतात, आणि ती भरणारी बाई शेवटी डब्याच्या तळाचा चुरा खाते. यंदा पाहुणे गेले, की तिला घेऊन गावातल्या एखाद्या गाडीवर जा. पहिला द्रोण तिच्या हाती द्या, दही वड्यात मुरायच्या आत.