भांडेवाली आता येत नाही

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेर, सौंसर मागे पडते आणि संत्र्याच्या बागांमधून रामाकोना येते. माझ्या थोरल्या ताईचे हे सासर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ पासून हा भाग नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. आपण घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो, तसे हे लोक घरात मराठी, कचेरीत हिंदी बोलतात. त्यामुळे परके वाटत नाही.

या हिवाळ्यात गेलो तेव्हा ताईने ट्रंकेतून भाऊजींचा लोकरीचा कोट काढला. भाऊजींना जाऊन तीन वर्षे झाली. ‘‘भांडेवालीला द्यावा म्हणून ठेवला, पण ती आता येतच नाही रे,’’ ताई म्हणाली.

भांडेवाली म्हणजे आपली बोहारीण. छोट्या गाडीने ती यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन. ओट्यावर तासभर घासाघीस चाले. ताईने जरीचा काठ दाखवावा, तिने विरलेली बाही. ताईकडचा मोठा गंज तीन साड्या आणि दोन पँटींवर आलेला. ते कपडे धुऊन, सांधून पुन्हा बाजारात येत आणि बागेतला मजूर ते भाव पाडून घेई. फुकट कोणी देत नसे, म्हणून उपकारही कोणाचा नसे.

२०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी छोटी गाडी बंद झाली. पुढे मोठी गाडी आली, भांडेवाली मात्र आली नाही. तोवर कपडाही बदलला होता. सुती लुगड्याची इथे गोधडी होते, आपल्याकडे कौदी. नायलॉनच्या साडीचे धड पुसणेही होत नाही. बाजारात नवा टी-शर्टच इतका स्वस्त, की जुन्याला भांडे कोण देणार? पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते. आज तिथे परदेशातले जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचे सूत काढून घोंगड्या विणतात. जुन्याचा व्यापार संपलेला नाही, तो आपल्या ओट्यावरून उठला एवढेच.

ताईची नात नागपुरात शिकते. तिने मोबाइलवरून कोणाचे तरी वापरलेले जॅकेट सहाशे रुपयांना मागवले. ‘‘थ्रिफ्टचं आहे, आजी!’’ ताई कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘आम्ही दुसऱ्याचं उतरलेलं घातलं तर लपवायचो. ही फोटो काढून दाखवते!’’

निघायच्या आदल्या संध्याकाळी बागेचा राखणदार आला. ताईने कोट पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला, खिसे तपासले आणि विचारले, ‘‘किती द्यायचे, बाई?’’

मी म्हणणार होतो, असू दे. ताईने मला डोळ्यांनीच गप्प केले. ‘‘पन्नास.’’

‘‘अस्तर फाटलंय. तीस.’’

चाळीसवर सौदा झाला. कोट अंगात घालून तो फाटकापर्यंत गेला. ताई पैसे मुठीत धरून बराच वेळ ओट्यावर उभी होती.