शेवाळाचं खत

आमच्या मावळात शेवाळ म्हणजे शिव्या खाण्याची वस्तू. आवणाच्या जुड्या डोक्यावर घेऊन बांधावरून जाताना पाय सरकला, की आबा पहिली शिवी पावसाला देत आणि दुसरी शेवाळाला. त्यामुळे 1986 च्या उन्हाळ्यात मी शेतकी शिबिरातून शेवाळाची पुडी घेऊन घरी आलो, तेव्हा आबांनी ती हुंगून पाहिली.

"आरं, ज्याच्यावरनं आमी पडतो, ते तू पैसं देऊन आणलंस व्हय?"

पैशांचाच तर प्रश्न होता. तीन एकर भात, चार गोण्या युरिया, वर मजुरी. मृगाच्या तोंडावर आईच्या पाटल्या पेठेतल्या सावकाराकडं जायच्या आणि सुगी झाली की परत यायच्या. मागल्या सुगीला त्या आल्याच नव्हत्या. लग्नाकार्यात आई हात पदराखाली धरून बसायची.

शिबिरात सांगितलं होतं, की भाताच्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र ओढून घेतं आणि मातीला देतं. पी. के. डे नावाच्या आपल्याच शास्त्रज्ञानं 1939 सालीच हे दाखवून दिलं होतं. पणजोबांपासून त्याच खाचरात गोणीभर खत न टाकता भात कसं पिकत होतं, ते मला त्या दिवशी उमगलं.

परसात दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल खड्डा काढला. तळाला प्लास्टिक, वर आठ-दहा किलो चाळलेली माती, थोडं सुपर फॉस्फेट, पाणी, आणि त्यावर पुडीतलं शेवाळ भुरभुरलं. पाणी आटेल तसं आई घालायची. आठवड्यात वर हिरवा थर धरला. डासांच्या अळ्याही धरल्या, त्यासाठी औषध टाकावं लागलं. मग पाणी आटू दिलं. उन्हानं थर तडकला, पापडासारखे पापुद्रे निघाले. किलोभर भरले.

आबांनी ओढ्याकडचं दहा गुंठ्यांचं खाचर दिलं. "तिथलं गेलं तरी चालंल," म्हणाले. हेक्टरी दहा किलो या हिशेबानं दहा गुंठ्यांना एक किलो पुरे. लावणीनंतर आठव्या दिवशी साचल्या पाण्यात पापुद्रे फेकले. त्याच रात्री पाऊस असा कोसळला, की बांध फुटला आणि माझं खत खालच्या चुलत्याच्या खाचरात गेलं. आबा आठवडाभर हसत होते. "भाऊबंदाला खत घालणारा गावात तू पयलाच!"

पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा खड्डा भरला. या वेळी बांध आधी लिंपले आणि पापुद्रे टाकल्यावर पंधरा दिवस पाणी हलू दिलं नाही. त्या खाचरात युरिया पाच किलो कमी टाकला. तेवढ्यासाठी आबांशी दोन दिवस अबोला झाला. सुगीला शेजारचं खाचर आणि हे, दोन्हीचं भात वेगळं झोडलं, वेगळं मापलं. उतारा सारखाच आला. जास्त नाही, पण कमीही नाही. आबांनी मापटं दोनदा भरून पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

हिशेब साधा होता. शेवाळ हेक्टरी पंचवीसेक किलो नत्र देतं, म्हणजे साधारण युरियाची एक गोणी. आमच्या तीन एकरांत चारातली एक गोणी वाचणार. युरिया सुटणार नव्हता, आणि तेवढ्यानं पाटल्याही सुटणार नव्हत्या. पण तिसऱ्या वर्षी नवं काही गहाण पडलं नाही, आणि त्याच्या पुढल्या सुगीला आईचे हात पदराबाहेर आले.

त्या मधल्या चैत्रात एका सकाळी परसात कुदळीचा आवाज आला. आबा खड्डा खणत होते. एक झाला होता, दुसरा आखून ठेवला होता.

"बघत काय उभा ऱ्हायलास?" ते म्हणाले. "माती चाळ. आन् खालच्या चुलत्याला बी एक पुडी दे. त्याला चव लागलीया."