कॉलेजातून पास आउट

चि. मुक्ता,


तुझ्या मँचेस्टरच्या अर्जाचा मसुदा वाचला. झकास जमलाय. फक्त पहिल्याच ओळीतलं 'आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' तेवढं काढ. तिकडे रोजच्या बोलण्यात पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हानं, रक्त बघून, नाहीतर जास्त ढोसल्यामुळं. त्यात पुढचं 'फ्रॉम' आणखी घात करतं. बेशुद्धीचं कारण सांगतानाही ते तेच वापरतात: 'पास्ड आउट फ्रॉम द हीट'. म्हणजे मँचेस्टरच्या वाचणाऱ्याला वाटायचं, पोरीला कॉलेजमुळं भोवळ आली! (पहिल्या वर्षाच्या गणिताचा पेपर आठवला, तर तेही खोटं नाही म्हणा.) 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' लिही.

हा प्रयोग अडाणी आहे असं मात्र समजू नकोस. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं हा त्याचा लष्करी अर्थ खुद्द ब्रिटनमध्ये आजही चालतो. आपल्या खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड वर्षातून दोनदा होते. 30 मे 2025 रोजी खेत्रपाल मैदानावरून पहिल्या 17 मुली मुलांच्या बरोबरीनं 'अंतिम पग' ओलांडून गेल्या. त्या पास आउटच झाल्या. दुसरं कुठलं क्रियापद तिथं फिकं पडलं असतं. आणि जून 2023 मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम चालू असताना, लोकरी डगले नि अस्वलाच्या केसांच्या टोप्या घातलेले काही सैनिक उकाड्यानं कोसळले. इंग्रजीत तेही पास आउटच!

कॉलेजच्या बाबतीत हा शब्द आपल्याला इतका का रुचला? मला वाटतं, आपण 'कॉलेजातून बाहेर पडलो' असं म्हणतोच. त्यामुळं तो परका वाटलाच नाही. पुण्यात नोकरीच्या जाहिराती '2023 पासआउट' असं सर्रास छापतात. तिथं अर्ज करशील तेव्हा खुशाल लिही, कुणी भुवई उंचावणार नाही.

'पास आउट'चा वाटप करणं हाही एक अर्थ आहे. त्यात सर्वनाम मधे बसतं: 'पास देम आउट'. भोवळ येण्याच्या अर्थी कर्म लागतच नाही.

तुझ्या सरांच्या शिफारसपत्रातही ते 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' असणार, पैज लावतो. त्यांना कसं सांगायचं ते तू बघ. माझं नाव पुढं करू नकोस. त्यांची नि माझी रोज सकाळी टेकडीवर गाठ पडते.

तुझा,
मामा